जस्ताच्या हौदावरचा मदतनीस

धाकू रेवाळेचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. पाळी सहाची होती, पण पाच वाजता तो शेडमध्ये असायचा. मधल्या तासाचे पैसे त्याला कोणी दिले नाहीत आणि त्यानं मागितलेही नाहीत. तो तास हौद बघण्याचा होता.

शहाडला नदीच्या बाजूला लोखंडावर जस्त चढवणाऱ्या चार शेड होत्या. त्यातल्या एकीत धाकू हौदावर होता. हौद म्हणजे साडेसात मीटर लांब, मीटरभर रुंद आणि दोन मीटर खोल पोलादी टाकी. आत वितळलेलं जस्त, साडेचारशे अंशावर. हा हौद कधी विझवायचा नसतो. आल्या आल्या धाकू लांब सळई आत घालायचा आणि तळाला गाळ किती बसलाय ते हातानं जोखायचा. रात्रपाळीनं वरची राख काढली आहे का, एका कडेला आग मंद पडली आहे का, हे सगळं बघून झालं की तोंड धुवायचा. सहाला मी यायचो. मी हॉइस्टवर होतो. लोखंड उचलायचं, आडवं न्यायचं, हौदात सोडायचं आणि वर काढायचं हे माझं काम. कधी सोडायचं आणि किती सावकाश काढायचं हे धाकू ठरवायचा. त्याच्या हाताच्या खुणेवर माझं बोट बटणावर. असं आम्ही चौदा वर्षं काम केलं. माझ्याकडून चार बोटं जरी घाईनं वर आलं तरी त्याचा डावा हात उठायचा. तो ओरडला असं मला आठवत नाही.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. लोखंड ॲसिडमध्ये धुवायचं, पाण्यातून काढायचं, क्षाराच्या पाण्यात बुडवायचं, पूर्ण वाळवायचं, मग जस्तात सोडायचं. आत गेलं की जस्त तडतडतं. ती तडतड कमी होत जाते आणि एका क्षणी थांबते. त्यानंतर किती थांबायचं हे लोखंडाच्या जाडीवर. वर काढायच्या आधी हौदावरची राख झाऱ्यानं बाजूला सारायची, नाहीतर ती लोखंडाला चिकटून येते. घाईनं काढलं तर जस्ताचे ओघळ येतात, जास्त वेळ ठेवलं तर थर ठिसूळ होतो. धाकूला हे शिकायला सहा वर्षं लागली. ज्या म्हाताऱ्यानं शिकवलं तो आता नाही.

धाकू मूळचा गुहागर तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी काकाकडे शहाडला आला. आधी लोखंड वाहिलं, मग ॲसिडच्या टाक्यांवर होता, मग हौदावर आला. आता जो प्रसंग सांगतो त्या वेळी तो सत्तेचाळीसचा होता, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सुरुवातीपासून एकच शब्द होता. हेल्पर.

यात एक रीत होती. चारही शेड मिळून कागदावर प्रमाणपत्र असलेले ऑपरेटर चार. आमच्या शेडचा जो होता तो माजिवड्याच्या ऑफिसात बसायचा आणि दसऱ्याला यंत्रांच्या पूजेला यायचा. बाकी सगळे हेल्पर. आमचा मुकादम त्र्यंबक नव्या माणसाला पहिल्या दिवशी बूट द्यायच्या आधी एक गोष्ट शिकवायचा. फाइल घेऊन कोणीही आला आणि विचारलं, तू काय करतोस, तर सांगायचं, हेल्पर. हौदावर बिनप्रमाणपत्राचा माणूस सापडला की शेडला नोटीस लागते, आणि शेड बंद तर चूल बंद. माणसं हे इतकं शिकली की शेडबाहेरही तेच सांगायला लागली. धाकूची मुलगी मेघाली जन्मली तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर, पुढे तिच्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे हेल्पर.

तर एका वर्षी मार्चमध्ये रचना नावाची मुलगी आमच्या फाटकावर आली. डोंबिवलीची, सव्वीस-सत्तावीसची. डोक्यावर दिलेलं हेल्मेट तिला मोठं होत होतं, ती एका हातानं ते मागे सारायची आणि दुसऱ्या हातात टॅब. ठाणे, कल्याण, डोंबिवली या सगळ्या पट्ट्यात सौरऊर्जेचे कारखाने कुठे आणि कसे बसवायचे याचा आराखडा बनत होता. त्याचं काम एका संस्थेनं घेतलं होतं आणि ती त्या संस्थेची. सूर्यावर वीज करणाऱ्या काचांचे पत्रे लोकांना दिसतात. ते पत्रे ज्या सांगाड्यावर बसतात तो पंचवीस वर्षं पावसात गंजता कामा नये. त्यासाठी जस्त लागतं, म्हणून आमच्यापर्यंत ती आली. कोणत्या गावात कोणतं काम येणारे किती लोक आहेत हे तिला मोजायचं होतं. ती तीन दिवस चहाच्या सुट्टीत उभी राहिली. एकेकाला नाव, गाव, किती वर्षं आणि काम विचारलं.

धाकूनं सांगितलं, हेल्पर. म्हणजे नक्की काय करता, असं तिनं विचारलं. सांगतील ते, असं तो म्हणाला. तिनं ते लिहून घेतलं. माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती, मला तर कशाचीच भीती नव्हती. मीही हेल्परच सांगितलं. शेजारच्या तीन शेडमध्येही हेच झालं.

आठ महिन्यांनी आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला. मेघाली कल्याणला एका वकिलाकडे टायपिंगचं काम करायची. तिथे कोणीतरी तो उघडला होता. तिनं शहाडचं पान फोनवर घेतलं आणि संध्याकाळी बापासमोर धरलं.

पानावर लिहिलं होतं ते असं. नदीकाठच्या चारही शेड दोन वर्षांत बंद करायच्या, कारण त्यांच्या ॲसिडच्या पाण्याची सोय नीट नाही. ते खरंच होतं. त्या जागी सगळ्या पट्ट्यासाठी एकच मोठा प्लँट उभा करायचा, पाणी आतल्या आत साफ करणारा. त्यासाठी दोन जागा बघितल्या होत्या. एक टिटवाळ्याच्या पुढे. दुसरी दुसऱ्या जिल्ह्यात, इथून साडेतीन तासांवर. मसुद्यानं दुसरी निवडली होती, कारण तिथे जस्ताचं काम येणारी माणसं होती आणि शहाडला नव्हती. खाली तक्ता होता. शहाड: कुशल कामगार चार, मदतनीस एकशे त्रेसष्ट. मदतनिसांना चढवणं, उतरवणं आणि बांधणं यात सामावून घेता येईल.

"बाबा, या चारांत तुम्ही आहात?"

"नाही. मी एकशे त्रेसष्टात."

"तुम्ही मदतनीस?"

"हो."

"कोणाला मदत करता?"

धाकूनं जेवण अर्धं ठेवलं, हे मला जनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं सांगितलं. हौदावर त्याच्या वर कोणी नव्हतं. तो ज्याला मदत करत होता असा माणूस जागेवर नव्हताच. हे त्यालाही ठाऊक होतं, पण असं कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी तो माझ्याकडे आला. बसला, चहा घेतला, आणि म्हणाला की खोटं लिहून दिलंय, आता खरं सांगितलं तर केस होईल का. मला माहीत नव्हतं. पण दुसरी बाजू दोघांनाही कळत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पाठीवर लोखंड चढवायला-उतरवायला गेला असता तर दोन वर्षं टिकला नसता. आणि सहा वर्षं शिकून वीस वर्षं केलेलं काम कोणाच्याच कामाला आलं नसतं. रचनानं जाताना प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली होती, खाली फोन नंबर. धाकूनं ती पाकिटात ठेवली होती. मी माझी फेकून दिली होती.

ती आम्हाला डोंबिवली स्टेशनच्या बाहेर एका उडप्याकडे भेटली. धाकूनं एका दमात सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, मी तीन दिवस उभी होते. एकशे त्रेसष्ट माणसांपैकी एकानंही सांगितलं नाही?"

"तुम्ही फाइल घेऊन आलात."

"माझ्या हातात टॅब होता."

"तेच ते."

ती हसली नाही. तिनं सांगितलं की आकडा ती आपल्या मनानं बदलू शकत नाही. हरकती आणि सूचना द्यायला एकोणीस दिवस उरले आहेत. तेवढ्यात कामगारांनी सही करून यादी द्यावी, कोण काय काम करतो आणि किती वर्षं. मग संस्थेचा इंजिनिअर येईल आणि यादीतली कोणतीही सहा माणसं काढून जागेवर तपासेल. केस वगैरे काही होणार नाही. पण सहांतला एक जरी खोटा निघाला, तर पूर्ण यादी बाद. मग तक्ता आहे तसा छापला जाईल.

धाकूनं तिला ते शेवटचं परत सांगायला लावलं. तिनं परत सांगितलं.

सोमवारी शेडमध्ये बातमी पसरली आणि त्र्यंबक हौदाजवळ आला. त्यानं धाकूला धाकूशेठ म्हणायला सुरुवात केली. ऑपरेटर व्हायचंय का, उद्या नोटीस आली की काय करणार, हौद घरी नेणार का. धाकू झाऱ्यानं राख ओढत होता. त्यानं ओढणं थांबवलं नाही.

"शेड तशीही दोन वर्षांत बंद आहे," तो म्हणाला. "तुझं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघितलंस?"

त्र्यंबकनं बघितलं नव्हतं. त्यानं त्या रात्री बघितलं असणार, कारण नव्या प्लँटमध्ये मुकादम नावाची जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी तो जुने हजेरीपट पिशवीत घालून स्वतः घेऊन आला. कोण किती वर्षं कुठल्या टाकीवर होता हे त्या पटांवर त्याच्या हातानं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, कारण पाळ्या लावायला त्यालाही खरं काय ते लागायचं. यादीला आधार मिळाला तो त्याच्यामुळे, हे सांगायला हवं.

यादी गोमाजीच्या अंगणात बनली. गोमाजी नदीकडच्या जुन्या गावातला, बापजादे मासेमारी करणारे, तो स्वतः एकवीस वर्षं ॲसिडवर. दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी चारही शेडची माणसं जमली आणि लगेच अडचण कळली. आधी एकशे त्रेसष्ट हेल्पर होते, आता एकशे चाळीस ऑपरेटर झाले. जो गेल्या दिवाळीत लागला तोही म्हणत होता, मला हौदाचं सगळं येतं. आकडा जितका मोठा तितकी जागा पक्की, असा बहुतेकांचा हिशोब. मोठ्यानं बोलून एकमेकांची साक्ष देत होते. गोमाजीच्या बायकोनं दोनदा चहा केला आणि तिसऱ्यांदा दूध संपलं असं सांगितलं.

मग धाकूनं एकच प्रश्न ठेवला.

"काम बिघडलं तर शिवी कोणाला बसते? ज्याला बसते त्याचं नाव लिहा. जो बाजूला उभा राहून ऐकतो तो हेल्पर."

शेडमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला हे मोजमाप कळत होतं. थर पातळ आला, ओघळ राहिले, ॲसिडमध्ये लोखंड जास्त खाल्लं गेलं, की मालक ज्याच्याकडे चालत जातो तो माणूस सगळ्यांना ठाऊक असतो.

"मंग पयला नाव माजा लिव्ह," गोमाजी म्हणाला. "एकवीस वर्सं खातंय."

सगळे हसले आणि मग यादी सुरू झाली. एक नाव वाचायचं, आणि त्याच्याच शेडच्या दोघांनी सांगायचं की शिवी याला बसते का. आठ-दहा जण आपणहून म्हणाले, नाही, माझं नाव राहू दे, मी अजून हात धरून आहे. काही रुसले. दोघं उठून गेले.

दुसऱ्या रविवारी प्रीतमचं नाव निघालं. प्रीतम जनाबाईचा धाकटा भाऊ, छत्तीसचा, तीन वर्षांपूर्वी धाकूनंच त्याला लावला होता. माल बांधण्यावर होता, पण जेवणाच्या सुट्टीत हौदावर येऊन झारा धरायचा, आणि हाताला होता चांगला. तो धाकूच्या शेजारी येऊन बसला आणि हळू बोलला, तरी पुढच्या चारपाच जणांना ऐकू आलं.

"भावोजी, एकेचाळीस नावं झाली. बेचाळीसनं काय होतंय?"

"तीन वर्षांत तुला एकदा तरी शिवी बसली?"

"तुम्ही बसू दिली नाहीत."

"मग ती चूक माझी. पण नाव नाही."

प्रीतम उठला आणि घरी गेला. तो धाकूच्या घरी यायचाही बंद झाला. जनाबाईनं तीन दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायची आणि आतल्या खोलीत जायची. तिचं म्हणणं तिनं मला सांगितलं: परक्या चाळीस माणसांची नावं लिहिली, आणि भाऊ दारात उभा. मी तिला सहांतल्या एकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, बेचाळिसांत माझाच भाऊ निघाला असता का. शक्यता कमी होती, हे खरं. धाकूला मी तेच बोललो. तो म्हणाला, निघाला असता तर?

एकेचाळीस नावं, चाळीस सह्या आणि एक अंगठा. मेघालीनं टाइप केली, ठाण्याला जाऊन दिली, पोच घेतली.

तपासणी एका बुधवारी झाली. इंजिनिअरचं नाव अद्वय. तिशीचा, फारसं न बोलणारा, बूट स्वतःचे घेऊन आलेला. ती गोष्ट मला आवडली. बरोबर रचना. मालकानं तोंड वाकडं करून परवानगी दिली होती, कारण मोठा प्लँट जवळ आला तर त्यात त्यालाही भाग घ्यायचा होता. मी निवृत्त झालो होतो, पण फाटकावरचा माणूस ओळखीचा. मी भिंतीकडेला उभा राहिलो.

अद्वयनं एकेचाळीस चिठ्ठ्यांतून सहा काढल्या. पहिली गोमाजीची निघाली. ॲसिडचा जोर किती राहिलाय असं विचारल्यावर गोमाजीनं एक गंजका तुकडा बुडवला, बुडबुडे बघितले, आणि सांगितलं की परवा बदलायला हवं. अद्वयनं नळीत घेऊन मोजलं आणि वहीत खूण केली. दुसरी चिठ्ठी धाकूची होती.

त्या वेळी हौदावर सौर सांगाड्याचा माल लागला होता. चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना पट्ट्या जोडलेले, बारा नग एका आडव्या दांडीला टांगलेले. हॉइस्टवर माझ्या जागचा नवा माणूस. माल हौदावर आला. धाकूनं डावा हात उचलला. हॉइस्ट थांबला. तो मालाखाली वाकला, एकेका पाइपाच्या टोकाला बोट लावत गेला, आणि सातव्याला थांबला. मग त्यानं हात आडवा फिरवला. माल परत न्यायचा.

नव्या माणसाला वाटलं चुकून खूण केली. त्यानं परत विचारलं. धाकूनं परत तीच खूण केली. बारा नग हौदावरून मागे गेले, खाली उतरले, सातवा पाइप दांडीवरून सोडला आणि तो बाजूला ठेवला. बाकीच्यांना परत बांधेपर्यंत पाऊण तास गेला. मालक दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मला वाटलं, तपासायला माणूस आला आहे आणि हा काम बंद पाडून बसला आहे.

अद्वय त्या सातव्या पाइपाजवळ गेला. बंद पाइपाला टोकाशी भोक पाडावं लागतं, आतली हवा निघून जायला. बाकी अकरांना होतं. याला पाडायचं राहिलं होतं.

"हा असाच गेला असता तर काय झालं असतं?" अद्वयनं विचारलं.

"आवाज झाला असता," धाकू म्हणाला.

तो एवढंच बोलला. मी तो आवाज एकदा ऐकलेला आहे, दुसऱ्या शेडमधला. आत कोंडलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो आणि जस्त उडतं. त्या दिवशी एका माणसाचा डोळा गेला.

माल परत आला तेव्हा अद्वय बघत उभा राहिला, पण त्यानं काही विचारलं नाही. लोखंड बुडालं, तडतडलं, गप्प झालं, राख सरली, आणि वर आलं तेव्हा चकचकीत होतं. त्यानं जाडी मोजायचं यंत्र लावलं, आकडा लिहिला. मला वाटतं त्याचं मत पाऊण तास आधीच झालं होतं.

पुढचे तिघं सरळ गेले. सहावा शेजारच्या शेडमधला तपासनीस, देवराम, अठ्ठावन्न वर्षांचा, तयार मालातला दोष शोधणारा. त्याला पंधरा पट्ट्या दिल्या, यातल्या खराब सांग. पहिलीच पट्टी त्यानं चांगली म्हणून ठेवली आणि तिच्यावर हरभऱ्याएवढं उघडं लोखंड दिसत होतं. मलाही दिसत होतं, पाच हातांवरून. रचनानं मान खाली घातली. धाकू पुढे झाला आणि त्यानं देवरामला विचारलं, चष्मा कुठाय. देवराम म्हणाला, आज साहेब येणार म्हणून लावला नाही, म्हातारा दिसतो त्यात.

चष्मा आणायला माणूस त्याच्या घरी गेला. वीस मिनिटं सगळे नुसते उभे. चष्मा आल्यावर देवरामनं पहिली पट्टी स्वतःहून परत उचलली, बाद केली, आणि पुढच्या चौदांतल्या तीन काढल्या. तिसरीतला दोष अद्वयला भिंग लावून बघावा लागला. त्यानं वही मिटली. यादी ठीक आहे, असं तो म्हणाला, आणि पाणी मागितलं. रचनानं हेल्मेट काढून केस पुसले.

अंतिम आराखडा दीड महिन्यानं आला. शहाडपुढे कुशल कामगार चार होते ते पंचेचाळीस झाले, आणि प्लँटची जागा टिटवाळ्याच्या पुढची ठरली. हे फक्त यादीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. रस्ता, विजेची लाइन, पाणी, डोंबिवलीचे विजेच्या पेट्या आणि केबल बनवणारे कारखाने, हे सगळंही मोजलं गेलं होतं. पण जागा का बदलली त्याची चार कारणं दिली होती आणि त्यात पहिलं कारण माणसांचं होतं. मेघालीनं ती ओळ बापाला मोठी करून दाखवली. त्यानं दोनदा वाचली. फोन तिला परत दिला, जेवला आणि दुपारचा झोपला. साडेतीन तास. जनाबाई दोनदा येऊन श्वास बघून गेली.

नोटीसही आली, त्र्यंबक म्हणाला होता तशी. मालकाला तीन महिन्यांत माणसांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं करून घ्यायला सांगितलं होतं. शेड बंद झाली नाही. एकेचाळीसपैकी चाळीस जण पहिल्या खेपेला पास झाले. उरलेला लिहिण्यात नापास झाला, त्याची तोंडी घेतली, त्यात तो पास झाला.

प्रीतमचं असं झालं. आराखडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकू त्याच्या खोलीवर गेला आणि त्यानं सांगितलं, उद्यापासून माझ्या हाताखाली हौदावर, त्र्यंबकशी बोललोय. प्रीतम आला, पण पहिले पंधरा दिवस भावोजी म्हणाला नाही. मग एकदा त्यानं राख न सारता माल वर काढायची खूण केली. मालक आला. धाकू मुद्दाम दोन पावलं बाजूला सरला, आणि शिवी प्रीतमला बसली. संध्याकाळी प्रीतम बहिणीकडे जेवायला आला. नव्या प्लँटमध्ये तो आता दुसऱ्या पाळीच्या हौदावर आहे. त्याचं प्रमाणपत्र वर्षानंतर झालं, रीतसर.

प्लँट सुरू झाला त्याला दीड वर्ष झालं. मी एकदा बघून आलो. हौद आमच्यापेक्षा दुप्पट. धूर वरच्या वर ओढून नेतात, त्यामुळे खोकला नाही. ॲसिडचं पाणी आतच साफ होतं. आमच्या यादीतले अडतीस जण तिथे लागले, आणि धाकू पहिल्या पाळीचा ऑपरेटर. पगार कंपनीचा, थेट बँकेत. माल रोजचा रोज जातो, कुठल्या कुठल्या गावात. धाकूला गावांची नावं विचारली तर सांगता येत नाहीत. तो म्हणतो, भोकं आहेत का ते बघतो, पुढचं पुढचे बघतील.

गेल्या वैशाखात त्यांनी शहाडची चाळ सोडली. टिटवाळ्याला तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं, जुनी शिल्लक आणि नवा पगार मिळून. चाळीत संडास गल्लीच्या पलीकडे होता, आठ घरांत एक. जनाबाईचे गुडघे गेली सहा वर्षं दुखतात. ती पाणी कमी प्यायची, का ते कोणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलंही नव्हतं. नव्या खोलीत संडास आत आहे, खुर्चीसारखं बसायचा, बाजूला धरायला दांडा. तो दांडा धाकूनं प्लँटमधून विकत घेतला, जस्त चढवलेला, त्याची पावती आहे.

जनाबाईनं पहिल्या दिवशी आत जाऊन कडी लावून बघितली. बाहेर आली आणि परत जाऊन लावली.